मुली हिस्सा मागायला लागल्या म्हणून संस्कार बुडाले का?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेले काही दिवस तुमच्या वाचकांच्या पत्रांत एकच रडगाणं चालू आहे, नवीन पिढीला संस्कार राहिले नाहीत, नाती पैशात मोजतात, आमच्या वेळी असं नव्हतं वगैरे वगैरे. एका पत्रात तर सरळ लिहिलंय की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका खेळायला येणारी लेक आता सातबारा मागायला येते. वाचून हसू आलं आणि थोडी चीडही आली. मी अमळनेर तालुक्यात दस्त लिहायचं काम करतो, खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोड (वारसाने आपला हिस्सा सोडून दिल्याचा दस्त), जे येईल ते, आणि आयुष्य त्यातच गेलंय त्यामुळे या विषयात चार शब्द बोलायचा मला हक्क आहे असं समजतो. पत्र लांबलं तर कापा, पण मधूनच कापू नका ही विनंती.

आमच्या गावात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, नीती म्हणजे काय आणि धर्म म्हणजे काय यावर तिथे मोठमोठ्या लोकांनी डोकं चालवलंय. मी काही तिथला माणूस नाही, मी तहसीलच्या आवारातला, लिंबाखाली टेबल टाकून बसणारा. पण माणसाची नीती टेबलावर स्टॅम्पपेपर ठेवला की जेवढी दिसते तेवढी दुसरीकडे कुठे दिसत असेल असं मला वाटत नाही.

हक्कसोडचा दिवस पूर्वी कसा असायचा ते सांगतो. बाप वारला, तेरवी झाली, महिना दोन महिन्यांनी भाऊ गाडी करून बहिणींना घेऊन यायचा, एक शिरपूरकडे दिलेली, एक सुरतेला उधन्यात, एक जवळच्याच गावची. आई सोबत असायचीच, ती बाजूला सावलीत पदर डोक्यावर घेऊन बसायची. मी दस्त वाचून दाखवायचो, "राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, कोणताही मोबदला न घेता" वगैरे जे असतं ते, आणि मग विचारायचो, ताई समजलं ना सगळं? तर थोरली म्हणायची, "माले हिस्सा नको भाऊ, माले माहेर जोयजे." म्हणजे मला माहेर पाहिजे. झालं. आत जाऊन फोटो, अंगठा, सही, बाहेर आल्यावर भावाने सगळ्यांना हॉटेलात शेवभाजी खाऊ घालायची, जाताना बाजारातून एकेक साडी घ्यायची, आणि संध्याकाळच्या गाडीने बहिणी आपापल्या घरी. चार-पाच एकर बागायत तीन साड्यांत मोकळं. आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटायचं नाही, भावाला नाही, बहिणीला नाही, शिक्का मारणाऱ्या साहेबालाही नाही. उलट जी बहीण एक शब्द न बोलता सही करून गेली तिचं गावात नाव व्हायचं, खानदानी बाई आहे म्हणून.

आता यात ती "माहेर जोयजे" म्हणते ना ते नीट ऐका. लोक त्याला प्रेम म्हणतात, प्रेम असेलही, नाही असं मी कसं म्हणू. पण त्या बाईला पक्कं माहिती होतं की उद्या नवऱ्याने हाकललं, नवरा मेला, सासू जाळायला उठली तर जगात एकच दार आहे आणि त्या दाराची किल्ली भावाच्या हातात आहे. स्वतःच्या नावावर बँकेत पैसा नाही, शिक्षण चौथी, नोकरीचा प्रश्नच नाही. मग ती काय करणार? तिने हिस्सा देऊन ते दार विकत घेतलं, एवढा साधा व्यवहार होता तो, फक्त त्याला व्यवहार म्हणायची पद्धत नव्हती.

आणि आता काय होतं? मागे एक मुलगी आली होती, पुण्याला दवाखान्यात नर्स आहे, भावासोबतच आली, भांडण नाही काही नाही. मी दस्त पुढे ठेवला तर तिने मोबाईल काढला, सरकारच्या महाभूलेख साइटवरून सातबारा आधीच काढून ठेवलेला, गट नंबर जुळवला आणि मला म्हणते काका, विहीर आहे, केळी उभी आहे, मग इथे जिरायत कसं लिहिलंय? भाऊ लाल झाला. आई म्हणायला लागली अगं लोक काय म्हणतील. पोरगी शांतपणे म्हणाली, मी नाही म्हणतच नाहीये, करते सही, पण मी काय सोडतेय ते तरी मला कळू द्या ना. त्या दिवशी दस्त झालाच नाही. पुढे त्यांनी आपसात बसून असं ठरवलं की विहिरीजवळचा तुकडा भावाकडे, वरच्या बाजूचा तिच्या नावावर आणि तो पण कसायला भावानेच घ्यायचा, तिला वर्षाचा ठराव. आजही दोघं एकमेकांकडे जातात येतात. पण गावात त्या पोरीचं नाव काय पडलं असेल ते तुम्हाला मी सांगायला नको.

तुमचे पत्रलेखक म्हणतात हे सगळं अलीकडे बिघडलं. तर कायद्याचा हिशोब बघा. हिंदू कोड बिल अडवलं गेलं म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं. १९५६ ला वारसा कायदा आला आणि बापाच्या वाट्यातला वाटा मुलीला मिळाला. महाराष्ट्राने १९९४ ला मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबर बसवलं पण ज्यांची लग्नं आधी झाली त्यांना वगळलं. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्याच मुली, लग्न झालेल्या न झालेल्या, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की २००५ च्या त्या तारखेला बाप जिवंत असलाच पाहिजे असं काही नाही. म्हणजे कायदा येऊन किती वर्षं झाली ते मोजा आणि आमच्याकडे हक्कसोड मात्र तशीच चालू होती, शेवभाजी तीच, साडी तीच. कायद्याने एका रात्रीत कुणाची नीती बदलत नाही हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मग बदललं कशाने? माझं मत सांगतो, चुकीचं वाटलं तर उलट पत्र लिहा. एक तर मुली शिकल्या आणि कमवायला लागल्या, म्हणजे माहेरचं ते एकच दार राहिलं नाही. दुसरं म्हणजे जमिनीला भाव आला. सुरत नागपूर हायवे चौपदरी झाला, पारोळा, एरंडोलकडच्या लोकांच्या जमिनी गेल्या, आमच्याकडे पाडळसे धरणाचं कधीचं चाललंय त्यात गेल्या, आणि सरकारी मोबदला घ्यायचा म्हटलं की सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. तेव्हा भावाला बहीण आठवली आणि बहिणीला पहिल्यांदा कळलं की आपली सही नसली तर चेक अडकतो! जी सही साडीवर मिळत होती तिची किंमत भूसंपादन ऑफिसने बहिणीच्या कानात सांगितली. जमीन कोरडवाहू होती, भाव नव्हता, तोपर्यंत त्यागाची परीक्षा कुठे होत होती.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे, कुठलाही आदर्श घ्या, तो कुणाच्या जिवावर चालतो ते आधी बघा. ज्याच्या जिवावर चालतो त्याच्यासमोर दुसरा रस्ता उघडला की तो आदर्श हलायला लागतो, आणि ज्याचं फुकटात चाललेलं असतं तो म्हणतो संस्कार बुडाले.

आणि हे "आमच्या वेळी" पण जरा तपासायला पाहिजे. कोणाच्या वेळी? माझ्या आजीच्या वेळी आमच्यासारख्या शेतकरी जातींत हुंडा नव्हता, उलट देज होतं, मुलाच्या बापाने मुलीच्या बापाला द्यायचं. नंदुरबारच्या पहाडात आदिवासी समाजात अजूनही देज आहे आणि शहाणे लोक त्याला मागासलेपण म्हणतात. तसंच विधवेचं. आमच्यात पाट लावायचे, नवरा मेला, तरणी बाई आहे, लेकरं लहान आहेत, तर दुसरं घर करून द्यायचे, कुणी नाक मुरडत नव्हतं. मग जरा पैसा आला, कापसाला बरे दिवस आले, पोरं मास्तर झाली, एसटीत लागली, बँकेत लागली आणि आम्हाला वरच्या जातींसारखं खानदानी व्हायचं वेड लागलं. पाट बंद, विधवेने पांढऱ्या कपाळाने बसायचं, आणि देज जाऊन हुंडा आला, नोकरीवाल्या पोराचा रेट ठरला. १९६१ ला हुंडाबंदी कायदा झाला तर आमच्याकडे हुंडा त्यानंतर जास्त वाढला, आता बोला. आणि आज साठी सत्तरीतले लोक ज्याला आपली हजारो वर्षांची परंपरा म्हणतात ती खरं तर त्यांच्या बापाच्या उमेदीच्या काळात आलेली आहे. बरं, तिकडे कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, आणि सरकारने परिपत्रक काढून सगळ्या गावांना तसं करायला सांगितलं. तेव्हा सगळ्यांना वाटलं किती आधुनिक! आमच्या पणजीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती मग यात नवीन काय शे?

त्या हुंड्याचं पुढे काय झालं ते तर सगळ्या खान्देशाला माहिती आहे. मुलगी म्हणजे खर्च, म्हणून सोनोग्राफी. गर्भलिंग तपासणीवर देशात पहिली बंदी महाराष्ट्राने १९८८ ला घातली, मग १९९४ ला केंद्राचा कायदा आला, पण जे व्हायचं ते होऊन गेलं. तेव्हा ते पाप आहे असं म्हणणारे थोडेच होते बरं का, चांगली देवभोळी, वारी करणारी, मुंगीला साखर घालणारी माणसं त्याला व्यवहारी निर्णय म्हणायची. आणि आज गावोगाव पस्तिशीची पोरं बसलीयेत, दहा एकर बागायत आहे, ट्रॅक्टर आहे, मुलगी मिळत नाही. परिचय मेळाव्यात मुलींच्या पानांपेक्षा मुलांची पानं किती जास्त असतात ते त्या पुस्तकाच्या जाडीवरून कळतं. आता मुलाकडचे म्हणतात आम्हाला काही नको, फक्त नारळ आणि मुलगी द्या, दोन्हीकडचा खर्च आमचा. एजंट लोक परराज्यातून मुली आणून देतात, पैसे घेतात, काही मुली आठ दिवसांत दागिने घेऊन पळतात, मग पोलिसात तक्रार. आणि गंमत म्हणजे ज्यांनी थोरल्याच्या लग्नात मोजून हुंडा घेतला तेच धाकट्याच्या वेळी म्हणतात, हुंडा घेणं आमच्या संस्कारात बसत नाही. घ्या!

परिचय पुस्तकावरून आठवलं, पूर्वी घटस्फोटित, विधुर, विधवा अशी पानं मागे लपवून असायची, आता वेगळा विभाग असतो, फोटो छान, पगार लिहिलेला, एक अपत्य आहे असं स्पष्ट लिहिलेलं, आणि त्यांना स्थळं पण येतात. टंचाईने का होईना पण पाट परत आला म्हणायचा, फक्त हॉल घेऊन.

आता कुणी म्हणेल की हा दस्तलेखक जुन्याला फक्त शिव्या घालतोय. तसं नाही. काही गोष्टी खरंच गेल्या आणि त्यांचं मला वाईट वाटतं. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिकवायला होते, मूळचे कोकणातल्या पालगडचे, पण माणूस आमचाच झाला. छात्रालयात पोरांचे कपडे धुवायचे, खोल्या झाडायचे, आजारी पोराच्या उशाशी बसायचे, आणि १९३० ला नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. आता शिक्षकाने असं करावं असं कुणी म्हणत पण नाही, आणि करेल तरी कसा, शाळेवर लागायला आधी किती मोजावे लागतात ते खान्देशात शेंबड्या पोराला विचारा. ज्याने शेत विकून किंवा गहाण टाकून नोकरी घेतलीय (ते गहाणखत पण आमच्याकडेच होतं) तो पोरांचे कपडे धुणार आहे का? तो पहिली दहा वर्षं पैसे वसूल करणार. आणि ही रीत काही आजच्या विशीतल्या पोरांनी पाडलेली नाही साहेब, "आमच्या वेळी" म्हणणाऱ्यांच्याच वेळी ती पडली.

नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती गोळीबारात गेले, शाळकरी पोरं होती. दर वर्षी हार घालतो आपण, भाषणं करतो, तरुणांनी आदर्श घ्यावा म्हणतो. आणि आपलं पोरगं बारावीला असताना एखाद्या मोर्चात दिसलं तर घरी आल्यावर त्याचा मोबाईल काढून घेतो. १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, धनाजी नाना चौधरींनी सगळं रान पेटवलं होतं, नेहरू अध्यक्ष होते, तेव्हाची माणसं सुताच्या हारावर लग्नं लावायची आणि त्याचा त्यांना अभिमान वाटायचा. आता त्याच परिसरात प्री-वेडिंग शूटला ड्रोन नसेल तर मुलगी रुसते, आणि मुलीपेक्षा जास्त तिचा बाप रुसतो. हे मला खटकतं. पण त्याग हा आदर्श का गेला याचं उत्तर पण तेच आहे, तेव्हा त्याग करून देश मिळणार होता, आता त्याग केला तर फक्त शेजारी पुढे जातो असं आईबापांनीच पोरांना लहानपणापासून शिकवलंय.

आणि साने गुरुजींना आज सगळेच हात जोडतात, पण मे १९४७ ला ते पंढरपूरला विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना उघडावं म्हणून उपोषणाला बसले होते तेव्हा त्यांना विरोध करणारे लोक कोण होते? गुंड नव्हते ते. गळ्यात माळ घातलेले, खोटं न बोलणारे, अन्नदान करणारे लोक होते, त्यांना मनापासून वाटत होतं की आपण धर्म वाचवतोय. १९२९ ला सारडा कायदा झाला, मुलीचं वय किमान चौदा, १ एप्रिल १९३० पासून लागू होणार, तर त्याच्या आधी लोकांनी घाईघाईने पाळण्यातली लग्नं उरकून घेतली, इतकी की १९३१ च्या जनगणनेत लहान वयात लग्न झालेल्यांचा आकडा फुगलेला दिसतो. ते बाप आपल्या मुलींचे दुश्मन होते का? माझी आजी सांगायची तिचं लग्न झालं तेव्हा तिला बापाने खांद्यावर बसवून मांडवात नेलं होतं आणि मध्येच तिला झोप लागली. सांगताना ती हसायची. त्या बापाचं तिच्यावर फार प्रेम होतं म्हणे, असणारच.

म्हणून मला "संस्कारी" माणसाची भीती जरा जास्तच वाटते, वाईट माणूस निदान ओळखू येतो.

सालदाराचं उदाहरण देतो आणि पुढे जातो. आमच्याकडे आखाजीला सालदार, म्हणजे वर्षाच्या ठरावावर शेतात राबणारा गडी, ठरतो, आखाजी ते आखाजी. पूर्वी एकाच घरात बाप सालदार, त्याचा पोरगा सालदार, आणि मालक कौतुकाने सांगायचे की तीन पिढ्या आमच्याकडे आहेत, घरच्यासारखे आहेत. घरच्यासारखे म्हणजे ताट वेगळं, झोपायचं खळ्यात, उचल कधी फिटायची नाही. आता सालदार लाखाच्या पुढे बोलतो, ट्रॅक्टर येतो का विचारलं तर त्याचे वेगळे सांगतो, फोन उचलत नाही, आणि दिवाळीला चार दिवस सुट्टी आधीच ठरवून घेतो. मालक म्हणतात माणुसकी राहिली नाही. कधी सालदाराला विचारून छापा, तो काय म्हणतो ते.

तसंच म्हाताऱ्यांचं. मुलं आईबापाला बघत नाहीत म्हणून २००७ ला कायदा करावा लागला ही शरमेची गोष्ट आहे, मान्य. पण पूर्वी तरी "मुलगा" बघायचा का? म्हाताऱ्या सासऱ्याचं अंथरूण कोण धुवायचं, सून धुवायची, आणि श्रावणबाळ म्हणून नाव मुलाचं व्हायचं. आता सून शाळेवर जाते, बँकेत जाते, आणि मुलाला स्वतःला कावड उचलायची वेळ आली तर सरकारने योजनेलाच श्रावणबाळ नाव देऊन टाकलंय, महिन्याला दीड हजार. त्या योजनेचे अर्ज भरून द्यायला पण लोक आमच्याकडेच येतात, बऱ्याचदा म्हाताऱ्यांना घेऊन येते ती मुलगी, हक्कसोड केलेली.

पण भावांच्या बाजूने पण बोललं पाहिजे, नाहीतर ते म्हणतील याला बहिणींनी चहा पाजला. भावाचं म्हणणं असं असतं की बाप आजारी होता तेव्हा दवाखाना मी केला, बहिणीच्या लग्नाचं कर्ज मी फेडलं, विकास सोसायटीचा बोजा सातबाऱ्यावर माझ्या डोक्यावर, बोंडअळीने कापूस गेला तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि आता हिस्सा पाहिजे, मग कर्जाचा पण हिस्सा घ्या ना. हे अगदी रास्त आहे. जमिनीसोबत बोजा पण वाटला गेला पाहिजे, बापाचा दवाखाना पण हिशोबात धरला पाहिजे. आणि बऱ्याच वेळा बहीण गप्प असते, जावईबापू बोलत असतात, त्यांना प्लॉट घ्यायचा असतो, हे पण मी बघतो, तिच्या हिश्श्याचे पैसे तिच्या खात्यावर दोन दिवस पण राहत नाहीत. म्हणजे पूर्वी भावासाठी सही करायची, आता नवऱ्यासाठी करते. अशा केसमध्ये मला काही आनंद होत नाही. चाललेच आहेत हे पण प्रकार, म्हणून काय हक्कच नको म्हणायचं का, मुलगे पण बापाच्या जमिनी दारूत घालतातच की, त्यांचा हक्क कुणी काढला?

पुढची पिढी आपल्याला कशावरून नावं ठेवेल याचा मी कधी कधी विचार करतो. माझ्या मते पाण्यावरून. यावल रावेरचा पट्टा बघा, एके काळी विहिरीवर मोट चालायची, आता बोअर शेकडो फूट खाली, अतिउपशाच्या यादीत नाव, आणि आपण अजून केळीचं एकर मोजून पोराची प्रतिष्ठा ठरवतो. ज्याची बोअर जास्त खोल तो कर्तबगार. आज त्याचा सत्कार होतो, उद्या त्याचा नातू म्हणेल आजोबा, तुम्ही आमच्या वाट्याचं पण उपसलं, आणि आजोबा तेव्हाच्या पेपरात पत्र लिहितील की आजकालच्या पोरांना मोठ्यांचा मान नाही.

असो. मुद्द्याची गोष्ट राहिली. तुम्हाला खरंच भावा-बहिणीत वितुष्ट नको असेल तर संस्कारांवरची पत्रं थोडी कमी छापा आणि हे छापा. बाप जिवंत असतानाच, सगळे बसून, तहसीलदारांकडे महसूल कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे वाटणी करून घेता येते, त्यात मुलींना काय, मुलांना काय, आईला काय, आणि कर्जाचं काय, सगळं तोंडावर ठरतं. वीस डिसेंबर २००४ च्या आधीची रजिस्टर वाटणी असेल तर ती उकरून निघत नाही, तेव्हा त्यावरून उगाच कोर्टात जाऊ नका. आणि बहिणींनो, बापाच्या नंतर वारस नोंद लागली म्हणून निश्चिंत राहू नका, फेरफार मागून वाचा, कारण पुष्कळ ठिकाणी भावांची नावं कब्जेदारात आणि बहिणींची खाली "इतर हक्कात" टाकून ठेवलेली असतात, आणि खरेदीदार आला की मगच ते कळतं. दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे देता येतो, एक प्रत स्वतःकडे ठेवायची आणि तिच्यावर पोच घ्यायची, पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. उन्हाळ्यात आखाजीच्या आसपास सगळ्या माहेरी असतातच, तेव्हाच हे काम होऊन जातं.

आपला,
एक दस्तलेखक
ता. अमळनेर, जि. जळगाव